अ‍ॅस्ट्रोपायचा अँगल: काही महिने वापरल्यावर

पायथनमध्ये कोनांची आकडेमोड करायची तर मॅथ मोड्यूलमधली रेडियन्स आणि डिग्रीज ही दोन फंक्शनं बहुतेकांना पुरतात. माझं काम ताऱ्यांच्या याद्यांचं. तिथे ताऱ्याची आकाशातली जागा दोन कोनांनी सांगतात: विषुवांश (पूर्व-पश्चिम) तास-मिनिटं-सेकंदांत, क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासून उत्तर-दक्षिण) अंश-कला-विकलांत (अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला), आणि साइनला हवेत रेडियन. मॅथच्या साइनला ३० अंशांसाठी नुसते ३० दिले तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येतं, एरर वगैरे काही नाही. म्हणून गेले काही महिने सगळे कोन अ‍ॅस्ट्रोपाय या खगोलशास्त्रासाठीच्या पायथन लायब्ररीतल्या अँगल या क्लासमध्ये ठेवतोय, आणि आता एककाशिवाय सुटा आकडा हाताळायची माझी तयारी नाही.

एकक न सांगता नुसते १० दिले, तर अँगल ते घेतच नाही. व्याधाचा विषुवांश ६ तास ४५ मिनिटं ८.९ सेकंद हा स्ट्रिंग म्हणून जसाच्या तसा टाकला, अंश मागितले, की १०१.२८७ मिळतात. तासाला १५ अंश हा गुणाकार आपण करायचाच नाही. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या साइनला अंशातला अँगल थेट चालतो.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते उणे शून्य. मृगाच्या बाणातला मिंटाका घ्या. त्याची क्रांती उणे ० अंश १७ कला ५७ विकला. अंश, कला, विकला वेगवेगळ्या रकान्यांत पूर्णांक म्हणून वाचले, की उणे ० चा साधा ० होतो, चिन्ह गळतं आणि तारा विषुववृत्ताच्या उत्तरेला जातो. फरक जवळजवळ ३६ कलांचा, म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाहून जास्त! अँगलला तीच क्रांती स्ट्रिंग म्हणून द्या, चिन्ह टिकतं. परत तुकडे करताना साइन्ड डीएमएस (चिन्हासह अंश-कला-विकला) वापरा, त्यात चिन्ह वेगळं मिळतं.

खटकलेलंही सांगतो. रेडियन हे इथे खरंखुरं एकक आहे, त्यामुळे कोनीय वेगाला त्रिज्येने गुणलं तरी उत्तरात रेडियन चिकटून राहतो. तो काढायला डायमेन्शनलेस अँगल्स (रेडियनला एककहीन माना, असं सांगणारा पर्याय) सांगावं लागतं. सुरुवातीला हे फार जाचतं. मॅथची साइन अंशातला अँगल स्वीकारत नाही, पण ते बरंच आहे. वेगाचं म्हणाल तर लूपमध्ये एकेक अँगल बनवणं जड जातं, अख्खा अ‍ॅरे एकदम द्यावा. दोन-चार कोनांच्या स्क्रिप्टला मात्र मॅथचं रेडियन्स पुरे.