पॉइंटांवर दार्जिलिंग: कार्डाचा २३ महिन्यांचा हिशेब

क्रेडिट कार्ड घेतलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. कारण एकच होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई असे चौघं विमानाने कुठेतरी जायचो आणि तिकिटांचा आकडा बघून पुढच्या वर्षी मडगावच्या गाडीचं रिझर्वेशन करायचो. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, घरखर्च कार्डावर टाका, पॉइंट साठवा, तिकिटं जवळपास फुकट पडतात. ते ‘जवळपास’ किती, एवढंच इथे सांगते. मी अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे वही ठेवलेली आहे.

वार्षिक फी २,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५०. वर्षात ३ लाख खर्च झाला तर पुढच्या वर्षीची फी माफ. प्रत्येक १५० रुपयांमागे ४ पॉइंट. बँकेच्या प्रवासाच्या साइटवर विमानाचं तिकीट काढलं तर एका पॉइंटचे ५० पैसे, बिलातून वजा करून घेतलं तर फक्त २० पैसे. भेटवस्तूंच्या यादीत एक मिक्सरही आहे, त्याचा हिशेब केला तर पॉइंट २० पैशांनाही पडत नाही. यादी उघडूच नका.

पहिल्या १४ महिन्यांत पॉइंट मिळतील असा खर्च झाला ४,२०,००० रुपये. त्याचे ११,२०० पॉइंट. म्हणजे शंभर रुपयांमागे सव्वा रुपयाच्या जरा वर. ह्यात चौघांचं काय होणार? खरी भर पडली ती व्हाउचरने. बँकेच्या साइटवरून सुपरमार्केटचं व्हाउचर घेतलं की पाचपट पॉइंट. महिन्याला मर्यादा आहे, तरी ६०,००० ची व्हाउचरं घेऊन ६,४०० पॉइंट वरचे मिळाले. कार्ड घेतानाचे २,५०० धरून एकूण २०,१००.

व्हाउचर ऐकायला सोपं आहे. एका रविवारी सासूबाईंना एकट्यांना पाठवलं होतं, कोड मी त्यांच्या मोबाइलवर पाठवला. काउंटरवरच्या मुलाने सोळा आकडे विचारले, मग पिन विचारला, मग व्हाउचर २,००० चं आणि बिल २,३४० चं, वरचे ३४० वेगळे. मागे ट्रॉल्यांची रांग. सासूबाईंनी पर्समधून रोख काढून सगळं बिल भरलं आणि घरी येऊन म्हणाल्या, “अगं, तुझ्या पॉइंटापायी तिथे लोक माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी उधारीवर आलेय.” तेव्हापासून व्हाउचरचं मीच बघते.

पॉइंट कशावर मिळत नाहीत हे मला पहिल्या स्टेटमेंटनंतर कळलं, आधी कळायला हवं होतं. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, सरकारी भरणे, ह्यावर माझ्या कार्डाला शून्य. भाड्यावर तर उलट एक टक्का शुल्क. विम्याच्या हप्त्यावर मिळतात, पण महिन्याला ठरावीकच. मुलुंडच्या आमच्या वाण्याकडे कार्ड काढलं की तो “दोन टक्के वर लागतील” म्हणतो, मग तिथे रोखच बरी. रुपे क्रेडिट कार्ड असेल तर ते यूपीआयला जोडता येतं, फक्त समोरचा क्यूआर व्यापारी खात्याचा लागतो. आमचा भाजीवाला भावाच्या नावाचा क्यूआर लावून बसतो, तिथे चालत नाही. नवऱ्याला पुरवणी कार्ड मात्र जरूर घ्या, दोघांचे पॉइंट एकाच खात्यात पडतात.

आता माझी चूक. पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवता येतात, माझ्या कार्डावर दोन पॉइंटांना एक माइल, म्हणजे त्या कंपनीचा स्वतःचा पॉइंट. ऑफिसच्या कामाने दिल्लीला जाऊन जाऊन एका कंपनीत माझे थोडे माइल जमले होते. दार्जिलिंगसाठी जिथे उतरतात त्या बागडोगरा विमानतळाच्या दोन सीट माइलवर दिसत होत्या आणि मला ३,००० कमी पडत होते. चार प्रवासी टाकून शोधलं की एकही सीट नाही, दोन टाकले की दिसायच्या. म्हटलं दोघांचं माइलवर काढू, दोघांचं पैशांनी. रात्री साडेअकराला ६,००० पॉइंट वळवले. ते खात्यात पडायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं तर सीट गेलेल्या. वळवलेले पॉइंट परत फिरत नाहीत, हे अटींमध्ये लिहिलेलं होतं आणि मी वाचलेलंही होतं. शिवाय माइलच्या तिकिटावरही कर आणि इतर शुल्कं खिशातूनच जातात. ते ३,००० माइल अजून तसेच पडून आहेत.

एकट्याने फिरणाऱ्याला ही माइलची वाट परवडत असेल. तो तारीख पुढेमागे करू शकतो, पहाटे चारचं विमान पकडू शकतो. आमच्यात शाळेची सुट्टी, नवऱ्याची रजा आणि सासूबाईंचे गुडघे असे तीन जण तारीख ठरवतात.

उरले १४,१००. एप्रिल २०२५ मध्ये ऑक्टोबरअखेरची तिकिटं काढायला बसले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. बँकेच्या साइटवर जातानाचं भाडं विमान कंपनीच्या साइटइतकंच होतं, येतानाचं मात्र दर माणशी ३१० रुपयांनी जास्त. चौघांचे १,२४० झाले, म्हणजे अडीच हजार पॉइंटांची माती. म्हणून एकत्र परतीचं तिकीट न काढता दोन वेगळी काढली. जातानाची चार तिकिटं, ६,२४० प्रमाणे २४,९६०, बँकेच्या साइटवर. त्यातले ७,०५० पॉइंटांतून गेले, १७,९१० भरले. पॉइंट वापरल्याचं शुल्क ९९ अधिक जीएसटी, म्हणजे ११७. येतानाची तिकिटं कंपनीच्या साइटवर, त्याच कार्डावर त्या दिवशी असलेली १,५०० ची थेट सूट घेऊन. दोन पीएनआर झाल्याने वेब चेक-इन दोनदा करावं लागलं, एवढाच त्रास.

वहीतली शेवटची ओळ: ७,०५० अधिक १,५००, वजा ११७, वजा फी २,९५०. निव्वळ वाचले ५,४८३. तेवढ्यात दार्जिलिंगला गाडी दोन दिवस फिरली. वाईट नाही, पण ऑफिसातल्या त्या माणसाचं ‘जवळपास फुकट’ हे नव्हे.

विमानतळावरच्या लाउंजबद्दल फार विचारतात म्हणून सांगते. कार्ड घासलं, २ रुपये कापले जाणार आणि मी आत. पुरवणी कार्डावर नवरा आत. मुलगी आणि सासूबाई? त्यांचे पैसे वेगळे. मुंबईच्या टी-२ टर्मिनलवर पहाटे साडेपाचला लाउंजबाहेर वीसेक माणसांची रांग होती. आम्ही गेटजवळच्या खुर्च्यांवर बसलो, सासूबाईंनी डबा उघडला, धपाटे आणि लसणाची चटणी. शेजारच्या गृहस्थांनी वास घेऊन मान वळवली, त्यांनाही एक दिला.

व्याजाचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. एकदा ४१,२०० च्या बिलाचे मी ४०,००० च भरले, आकडा नीट न बघता. थकबाकी राहिली की पुढच्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर जीएसटी. त्या महिन्याचे सगळे पॉइंट त्यातच गेले. दुसऱ्या दिवशी पूर्ण रकमेचं ऑटो-डेबिट लावलं. ‘किमान रक्कम’ भरणाऱ्याने ह्या फंदात पडूच नये.

एकाच विमान कंपनीच्या नावाचं कार्ड घ्यायचा मोह मलाही झाला होता. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि त्या नावाची कार्डं नव्याने देणं बँकांनी थांबवलं, तेव्हा बरं वाटलं की आपण साधं कार्ड घेतलं. आणि आता तिकीट शोधताना विमानतळही बघून घ्या. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झालीत, स्वस्त दिसलेलं तिकीट तिथलं असू शकतं. आम्हा मुलुंडकरांना ऐरोली पुलावरून जाता येतं, बोरिवलीकरांनी टॅक्सीचं भाडं धरून बघावं.

कार्ड ठेवणार आहे. फीमाफीच्या ३ लाखांना ह्या वर्षी अजून २२,००० कमी आहेत आणि महिनाभर हातात आहे. मुलीच्या शाळेच्या फीचा हप्ता बरोबर तेवढाच होतो. शाळा चेकच मागते.