फेट सिम्युलेशन्स: नववीच्या शिक्षकांनी जरूर वापरावीत

मी नववीला विज्ञान शिकवते. न्यूटनचा पहिला नियम मुलं घडाघडा म्हणतात, पेपरात पूर्ण गुणही घेतात. मग मी विचारते, “फरशीला घर्षणच नाही. पेटी ढकलली आणि हात काढला, तर?” वर्ग एका सुरात सांगतो, “थांबेल मॅडम, जोर संपला ना!” जोर वस्तूत भरला जातो आणि हळूहळू संपतो, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं असतं की पाठांतराने त्याला धक्काही लागत नाही. लागणार तरी कसा? जन्मापासून त्यांनी घर्षणाचंच जग पाहिलंय.

ही गाठ सोडवायला मला सर्वांत उपयोगी पडलं ते अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचं ‘फेट’, म्हणजे पडद्यावर हाताळून बघता येणाऱ्या आभासी प्रयोगांचा (सिम्युलेशन्सचा) संच. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा उपक्रम सुरू केला. सगळं मोफत, ब्राउझरमध्ये चालणारं, आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत.

बल आणि गतीच्या सिम्युलेशनमधला घर्षण नसलेला भाग उघडा. पेटी ढकला, बल शून्यावर आणा. वेगाचा काटा तिथेच राहतो, पेटी चालतच राहते. “बिघडलंय हे!” असं कुणीतरी हमखास म्हणतं. उलट दिशेने बल लावल्याशिवाय ती थांबत नाही, हे मुलं मग स्वतः करून बघतात. पुढच्या भागात घर्षणाची पट्टी सरकवली की पेटी थांबते, आणि तिला थांबवणारं बल बाणाने समोर दिसतं. “जोर संपला” जाऊन “घर्षणाने थांबवली” हे वाक्य मुलांच्याच तोंडून येतं, तेव्हा मला फार आनंद होतो.

धाराविद्युतचा परिपथ संचही तितकाच मोलाचा. पहिला बल्ब धारा खातो, दुसऱ्याला कमी उरते, हा समज दहावीतही टिकतो. दोन बल्ब एकसर जोडणीत (एकामागोमाग एक) लावून त्यांच्या अलीकडे-पलीकडे अमीटर (धारा मोजणारं यंत्र) ठेवा, आकडा तोच.

एक अट मात्र पाळा: आधी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घ्या. सिम्युलेशन नुसतं हाती दिलं तर तास त्यातल्या पेटीवर फ्रीज चढवण्यात जातो. शिवाय पडद्यावरचं मुलांना ‘कॉम्प्युटरमधलं’ वाटतं, म्हणून त्याच तासाला मी कॅरम बोर्ड मांडते. आधी कोरड्या बोर्डवर सोंगटी, मग पावडर टाकून.

शाळेत नेट बेभरवशाचं असेल तर सिम्युलेशन घरूनच उतरवून पेन ड्राइव्हवर न्या. एक लॅपटॉप आणि प्रोजेक्टर पुरतो.