डबल डॅफोडिल लावायचेत? ब्रायडल क्राउन की चिअरफुलनेस

सप्टेंबर लागला की इकडे दुकानांत कंदांच्या जाळीच्या पिशव्या येतात आणि ओळखीतल्या दोघातिघांचा तरी मेसेज येतो की तुमच्याकडचे ते वासाचे डबल, म्हणजे भरगच्च पाकळ्यांचे, डॅफोडिल कुठले. आम्ही इंग्लंडमधे मिल्टन कीन्सला राहतो, माती चिकण, पाऊस पडला की चपलेला किलोभर चिकटणार. या मातीत मी ब्रायडल क्राउन पण लावलाय आणि चिअरफुलनेस पण, दोन्ही जाती शेजारी शेजारी, सहा वर्षं झाली. तर त्याबद्दलच लिहितोय. रस्त्यांच्या गोल चौकांत (राऊंडअबाउटवर) दिसतात त्या नेहमीच्या पिवळ्या डॅफोडिलबद्दल नाही, त्यांना वास जवळपास नसतोच.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याकडे निशिगंध लावलेल्यांना माहीत असतं, सिंगलला वास घमघमीत आणि डबल दिसायला भरगच्च पण वासाला कमी. त्यामुळे मीही आधी डबल डॅफोडिलच्या वाटेला गेलोच नव्हतो, म्हटलं नुसता दिखावा असेल. पण या दोघांची गोष्ट वेगळी आहे. एका दांड्यावर गुच्छाने फुलं येणाऱ्या सिंगल जातींना मुळातच वास असतो आणि त्यांच्यातच कधीतरी आपोआप फरक पडून ही डबल फुलं निघालीयत, म्हणजे वास घराण्यातूनच आलाय. चिअरफुलनेस अशीच एल्विरा नावाच्या सिंगल जातीतून निघाली, १९२३ पासून बाजारात आहे. शंभर वर्षं लोक तीच तीच जात परत परत विकत घेतायत यातच काय ते आलं, पण ते नंतर.

दिसायला म्हणाल तर ब्रायडल क्राउन पहिल्या नजरेत जिंकते, हे मान्यच करायला हवं. क्रीम पांढऱ्या पाकळ्या, मधे केशरी-पिवळ्या चुण्या, आणि एकेका दांड्यावर इतकी फुलं की वेणीच गुंफल्यासारखी वाटते. चिअरफुलनेस त्यामानाने साधी, फुलं लहान, एका दांड्यावर तीनचार, मधे फिकट पिवळसर. आरएचएस म्हणजे इथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं अवॉर्ड ऑफ गार्डन मेरिट दोघींनाही आहे त्यामुळे लेबल बघून काही ठरत नाही.

वासाचं सांगणं अवघड कारण ज्याचं त्याचं नाक. मला ब्रायडल क्राउनचा वास दाट वाटतो, निशिगंधाच्या जवळ जाणारा. बागेत छान, पण चार दांडे कापून हॉलमधे ठेवले आणि हीटिंग चालू असलं की तासाभरात बायको खिडकी उघडते. चिअरफुलनेसचा हलका आहे, थोडा मोगऱ्याच्या अंगाने जातो असं मला वाटतं, मुलगी म्हणते साबणासारखा येतो. मी वाद घालत नाही.

आता मुद्द्याचं. ब्रायडल क्राउन झोपते.

म्हणजे कसं, तर डबल फुलात मधला कप नसतो, त्याच्या जागी पाकळ्यांच्या चुण्याच चुण्या असतात आणि त्यात पावसाचं पाणी साठतं, पावात चहा शिरतो ना तसं. एका दांड्यावर अशी पाचसहा फुलं म्हणजे वर वजन किती झालं बघा, आणि दांडा तर आतून पोकळ. ही फुलणार मार्च संपता संपता ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे बरोब्बर इकडच्या एप्रिलच्या सरींच्या तोंडी. २०२४ ला पाडवा ९ एप्रिलला होता, मी आधीपासून ठरवलेलं की यंदा गुढीला घरची फुलं, हार यांचाच करायचा, कळ्या मोजत होतो अक्षरशः. तर ६ तारखेला कॅथलीन वादळ आलं, त्यानंतर पण वारापाऊस होताच, आणि पाडव्याच्या सकाळी बघतो तर सगळी रांग उताणी. जी फुलं उताणी नव्हती ती पालथी, चिखलात तोंड खुपसून, आणि त्यावर स्लग, म्हणजे शंख नसलेल्या गोगलगाई, जेवायला बसलेल्या. शेवटी धुऊन पुसून अकरा फुलं मिळाली, बाकी हार टेस्को सुपरमार्केटातल्या शेवंतीचा.

वादळात काहीही पडतं, हे मला कळतं, त्यामुळे एका वर्षावरून मी काही बोलणार नाही. पण त्याच्या आदल्या वर्षी वादळ नव्हतं, साधा रात्रभर पाऊस होता, तरी अर्धी आडवी. मी बांबूच्या काड्या लावून बघितल्या, सुतळीचं कुंपण करून बघितलं (ते तर वेगळंच ध्यान दिसतं, फुलांना अटक केल्यासारखं), दाट लावून बघितलं म्हणजे एकमेकांना आधार मिळेल, तर एक पडली की शेजारणीला घेऊन पडते. कुणी म्हणतं जास्त खत घातलं की दांडे लुसलुशीत होतात, तसंही असेल. तुमची जागा भिंतीच्या आडोशाला असेल तर तुम्हाला हा त्रास कदाचित होणारही नाही. पण वासाचं फूल कशाला लावतो आपण, येता जाता वास यावा म्हणून ना. मग ते जमिनीवर पडलेलं असेल तर रोज सकाळी ऑफिसला जाताना गुडघ्यावर बसून वास घ्यायचा का?

चिअरफुलनेस त्याच पावसात, त्याच मातीत, दीड फुटावर उभी असते. माना खाली घालते, नाही असं नाही, पण ऊन पडलं की दुपारपर्यंत परत वर. अर्थात ती फुलते उशिरा, एप्रिल अखेर ते मे चा पहिला आठवडा, त्यामुळे तिला हवा जरा बरी मिळते हेही खरं आहे.

आणि उशिरा फुलण्याचाच तिला तोटा आहे तोही सांगतो. फुलं गेल्यावर पानं निदान सहा आठवडे कापायची नाहीत, पुढच्या वर्षीचं जेवण कंदात तेव्हाच साठतं. म्हणजे हिची पानं जूनच्या मध्यापर्यंत पिवळी पडत लोळत राहणार, लॉनमधे लावलीत तर तेवढ्या भागात मशीन फिरवता येत नाही आणि शेजारचे बघत राहतात. मी कडेला जेरेनियमच्या मागे लावलीय, तोवर ते वाढून पानं झाकतं. दुसरं म्हणजे कळ्या सुकणं. डबल जातींना वसंतात कोरडं आणि गरम झालं की कळी येते, फुगते, आणि न उघडताच तपकिरी कागदासारखी होते. २०२० चा लॉकडाऊनमधला एप्रिल आठवतोय ना, इतकं ऊन की विचारू नका, तेव्हा माझ्या चिअरफुलनेसच्या पण सातआठ कळ्या अशा गेल्या. मार्चपासून कोरडं वाटलं की पाणी घाला, इंग्लंडमधे बागेला पाणी म्हणजे गंमत वाटते पण घाला. आणि कंद जवळजवळ वीतभर खोल पुरा, वरवर लावलेले लवकर रुसतात.

या सुकण्याच्या बाबतीत दोघींची तक्रारच करू नये इतकं जास्त रुसणारं एक तिसरं फूल आहे, पोएटिकस जातीचं डबल पांढरं. डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या मधल्या टेमर खोऱ्यात एकेकाळी ते शेतीसारखं लावायचे आणि रेल्वेने लंडनच्या बाजारात पाठवायचे. वास असा की बाकी दोघींनी उठून जागा द्यावी. मी दहा कंद आणले, त्याच २०२० ला, मे मधे दहाच्या दहा कळ्या कागद. पुढच्या वर्षी दोन उमलल्या. तिसऱ्या वर्षी मी बघायला जायचंच सोडलं. ओल्या गार जागेत कुणाला जमत असेल तर जरूर लावा आणि मला वासाला बोलवा.

थोडं घरातलं. कंद आणले की शेडमधेच ठेवा, किचनमधे नको. आई नाशिकहून आली होती तेव्हा ओट्यावरची पिशवी बघून म्हणाली, "इकडचे कांदे लहानच दिसतात रे," आणि सुरी काढलीच होती. विषारी असतात ते, उलट्या सुरू होतात. हसण्यासारखं वाटतं पण २०१५ ला इथल्या आरोग्य खात्याने सुपरमार्केटांना सांगितलं होतं की डॅफोडिल भाज्याफळांपासून लांब ठेवा. फुलं कापताना चीक हाताला लागला तर काहींना खाज येते, आणि ताज्या कापलेल्या डॅफोडिलच्या पाण्यात ट्यूलिप ठेवू नका, लवकर मान टाकतात.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांना मात्र मी दोन्ही सांगत नाही. यांना थंडीचे बरेच आठवडे लागतात, तुमचा डिसेंबर त्यांना पुरत नाही. तुम्ही आपला निशिगंध लावा, तोही सिंगल.

तर घरात किंवा पोर्चमधे कुंडीत फुलवायचं असेल, लग्नाबिग्नासाठी दांडे कापायचे असतील, तर ब्रायडल क्राउन घ्या, तिथे ती खरंच राणी आहे. उघड्या बागेत, पावसात, कमी कटकटीत हवं असेल तर... मी कुणावर लादत नाही, पण मागच्या ऑक्टोबरमधे मी ब्रायडल क्राउनचे कंद उकरून दोन कुंड्यांत भरले आणि किचनच्या दाराशी छपराखाली ठेवले. तिच्या जागी पंचवीस कंद लावले ते चिअरफुलनेसचेच, आणि एक पिशवी पिवळ्या चिअरफुलनेसची, ती अजून शेडमधे लटकतेय, बायकोला सांगितलेलं नाही.