इसबावर काय लावायचं, काय प्यायचं: डॉक्टरांची ट्यूब, चिनी काढा आणि बिननावाची डबी

आमच्या ओट्यावर एका रविवारी तीन औषधं शेजारी शेजारी होती. पहिलं म्हणजे त्वचेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली मोमेटासोन या स्टेरॉइड मलमाची ट्यूब. दुसरं, चिनी वैद्यांनी दिलेल्या तपकिरी पुड्यांची चळत; सिंगापुरात या वैद्यांना सिनसे म्हणतात. तिसरी, ओळखीतल्या एका काकूंनी मायेने आणून दिलेली पांढऱ्या मलमाची प्लास्टिकची डबी. तिच्यावर नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. कोपरांच्या आत आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब इतका चिघळला होता की सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसायचे. रात्री दोनला त्याच्या खाजवण्याच्या आवाजाने आम्हाला जाग यायची.

घरचे सल्ले तुम्हालाही पाठ असतील. ‘स्टेरॉइड नको गं, कातडी पातळ होते,’ हे सासूबाईंचं. ‘चिनी औषधाने मुळापासून जातं,’ हे ऑफिसातल्या मैत्रिणीचं. दोघींनाही लेकराची काळजीच होती. सिंगापूर, हाँगकाँग, लंडनकडची मराठी कुटुंबं हाच प्रश्न घेऊन मला भेटत असतात, म्हणून ठरवताना जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून घेतलं ते इथे मांडते आहे. मी स्वतः डॉक्टर नाही.

काढ्याची परीक्षा खरोखर झाली आहे

चिनी काढ्याला थोतांड म्हणून उडवून लावता येत नाही. लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एक गोष्ट लक्षात आली. त्यांच्या औषधांनी बरी न होणारी काही मुलं चायनाटाउनमधल्या एका चिनी डॉक्टरकडे जाऊन सुधारून येत होती. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत, त्या काढ्याचीच चाचणी घेतली. दहा वनस्पतींचं एक ठरावीक मिश्रण केलं. त्यात ज्येष्ठमध आणि गोखरू ही आपल्याही ओळखीची नावं होती. तुलनेसाठी तसाच दिसणारा, तसाच कडू, पण इसबाशी संबंध नसलेल्या वनस्पतींचा काढा तयार केला.

1992 मध्ये निकाल छापून आले. 47 मुलांपैकी 37 जणांनी चाचणी पूर्ण केली. खऱ्या काढ्याने त्वचेची लाली निम्म्याने उतरली, खोट्याने जेमतेम सहा टक्के. मोठ्या माणसांवरची चाचणीही काढ्याच्या बाजूने गेली. नंतर त्या 37 मुलांना वर्षभर काढा चालू ठेवू दिला, तेव्हा 18 जणांचा इसब नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त ओसरला. 14 जणांनी मध्येच सोडला. काहींना चव सोसली नाही, बाकीच्यांना पुढे गुण येईना. दोन मुलांच्या रक्तात यकृताचं एक एन्झाइम वाढलेलं आढळलं. त्यांना त्रास काहीच होत नव्हता. रक्त तपासलं म्हणूनच ते कळलं, आणि ही गोष्ट मला सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते.

मग हाच काढा हाँगकाँगला गेला. तिथे हट्टी इसबाच्या 40 चिनी रुग्णांवर चाचणी झाली, 1999 मध्ये निकाल आला आणि खऱ्या-खोट्या काढ्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. ज्या मातीतलं औषध त्याच मातीत ते नापास झालं. का, याची उत्तरं बरीच देता येतात: रुग्ण वेगळे, हवा वेगळी, चाचण्या छोट्या. पण दोन निकाल परस्परांविरुद्ध आहेत हे मान्य करूनच पुढे जावं लागतं.

हाँगकाँगच्याच चायनीज युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये पाच वनस्पतींच्या कॅप्सूल 85 मुलांना बारा आठवडे देऊन पाहिल्या. इसबाची तीव्रता दोन्ही गटांत कमी झाली, त्यात फरक नाही. मात्र खऱ्या कॅप्सूलवाल्या मुलांना स्टेरॉइडचं मलम एक तृतीयांशाने कमी लागलं आणि त्यांचं रोजचं जगणं जास्त सुधारलं. ‘मुळापासून जातं’ या दाव्यापासून हे फार लांब आहे, तरी ज्या आईला मलमाची भीती वाटते तिच्यासाठी अगदी बिनकामाचंही नाही. कोक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या 2013 च्या आढाव्यात अशा 28 चाचण्या आणि 2306 रुग्ण एकत्र मोजले. बहुतेक चाचण्या इतक्या ढिसाळ होत्या की काढ्याचा फायदा होतो असं ठामपणे म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

सिनसेंचा यावर एक आक्षेप असतो, आणि तो मला रास्त वाटतो. ते नाडी पाहतात, जीभ पाहतात आणि प्रत्येकाला वेगळं मिश्रण देतात. सगळ्यांना एकच काढा देऊन त्यांच्या शास्त्राची परीक्षा कशी होणार? वैद्यांच्या तोंडून आपण हेच ऐकत आलो आहोत. याचं उत्तर एका ऑस्ट्रेलियन चाचणीत थोडंफार मिळतं, पण ती पोटाच्या विकाराची आहे. 1998 मध्ये आयबीएस या आतड्यांच्या जुनाट तक्रारीच्या 116 रुग्णांचे तीन गट केले: एकाला ज्याच्या त्याच्या प्रकृतीनुसार मिश्रण, दुसऱ्याला सर्वांना एकच, तिसऱ्याला खोटं. औषध चालू असताना पहिले दोन्ही गट खोट्या औषधाच्या पुढे होते आणि खास मिश्रणाने वेगळं काही साधलं नाही. औषध बंद केल्यावर चौदा आठवड्यांनी मात्र फक्त खास मिश्रणवाल्यांचा गुण टिकून होता. इसबासाठी कोणी इतक्याच नेटकेपणाने हे करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

एक नाव, अनेक झाडं

काढ्याची खरी जोखीम मला ‘मु थोंग’ या एका नावात दिसली. लंडनच्या त्या दहा वनस्पतींत मु थोंग होती, म्हणजे क्लेमॅटिसची, आपल्या मोरवेलीच्या कुळातल्या एका वेलीची खोडं. पण बाजारात याच नावाने अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली एक वेलही विकली जात असे. वाळवून काप केल्यावर दोन्ही चटकन वेगळ्या ओळखू येत नाहीत. दुसरीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं, जे मूत्रपिंड कायमचं निकामी करतं आणि मूत्रमार्गात कर्करोग घडवतं.

हे कागदावरचं भय नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत अशीच अदलाबदल झाली आणि सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडं बिघडली. 1999 मध्ये इंग्लंडमधल्या दोन स्त्रियांची नोंद छापून आली. दोघींची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि दोघी चिनी काढा घेत होत्या तो इसबासाठीच. त्यानंतर ब्रिटनने त्या कुळातल्या वनस्पतींवर बंदी घातली. आपल्याकडे सापसंद किंवा ईश्वरी म्हणून ओळखली जाणारी वेल याच कुळातली आहे. तेव्हा ‘आपलं ते सुरक्षित, चिनी ते धोक्याचं’ अशी सोयीची वाटणी करता येत नाही.

यकृताचंही तसंच. इसबासाठी चिनी काढा घेणाऱ्यांत यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी ब्रिटनमध्ये आहेत. ज्येष्ठमध जास्त दिवस आणि जास्त प्रमाणात पोटात गेलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या मोठ्या माणसांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

डबी

काकूंच्या डबीतलं मलम आम्ही चार दिवस लावलं होतं. चमत्कार झाला. तिसऱ्या दिवशी लाली गेली, मुलगा रात्रभर झोपला, मला रडू आलं. इतका झटपट गुण पाहून डॉक्टरांचा चेहरा मात्र गंभीर झाला. त्यांनी एवढंच विचारलं, “यात काय आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या डॉक्टरांनी रुग्णांकडची अशी 11 चिनी ‘वनस्पतींची’ मलमं प्रयोगशाळेत तपासली होती. 8 मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडलं. हे 1999 चं. 2003 मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी मुलांच्या इसबासाठी घरोघरी वापरली जाणारी 24 मलमं तपासली, तर 20 मध्ये स्टेरॉइड निघालं. काहींत तर क्लोबेटासोल, म्हणजे या वर्गातलं सर्वांत तीव्र. लहान मुलाच्या चेहऱ्यावर कुठलाही डॉक्टर ते सहजी लावणार नाही.

म्हणजे स्टेरॉइडला घाबरून आईबाप या डबीकडे जातात आणि तिच्यातून आणखी जहाल स्टेरॉइड, किती आहे ते माहीत नसताना, महिनोन् महिने लेकराच्या अंगाला चोळतात. कातडी पातळ होते ती अशाने. याचा मला अजून राग येतो. काकूंचा नाही, त्यांनाही कोणीतरी ‘शंभर टक्के नैसर्गिक’ सांगूनच ती विकली होती.

ट्यूब

ट्यूबची भीती निराधार नाही, फक्त चुकीच्या जागी आहे. गोरं होण्यासाठी चेहऱ्याला वर्षानुवर्षं स्टेरॉइडचं मलम फासून त्वचेचं वाटोळं करून घेतलेली माणसं महाराष्ट्रातल्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला रोज भेटतात. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळायचं म्हणूनच ते झालं. 2018 मध्ये भारत सरकारने ही मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, घातली ती त्यासाठीच. पण इसबाच्या चट्ट्यावर योग्य ताकदीचं मलम थोडे दिवस लावणं ही वेगळी गोष्ट. 2400 हून अधिक तान्ह्या बाळांना पाच वर्षं पाहणारा एक मोठा अभ्यास 2015 मध्ये छापून आला. त्यात सौम्य ते मध्यम स्टेरॉइड गरजेपुरतं वापरणाऱ्या बाळांमध्ये कातडी पातळ होण्याचं प्रमाण नगण्य होतं.

आमची चूक उलटी होती. आम्ही भीतभीत मोहरीएवढं लावायचो आणि दोन दिवसांत बंद करायचो. इसब अर्धवट विझायचा आणि पुन्हा भडकायचा. माप असं आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर ट्यूबमधून एक सलग रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्याच बोटांसकट दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. हे मला नर्सने स्वतःच्या बोटावर काढून दाखवलं, तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. साध्या, बिनवासाच्या मॉइश्चरायझरचंही तसंच. मुलाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागतं. आम्ही महिन्याला एक छोटी बाटली संपवत होतो!

एक खर्च मात्र वाचवता येईल. अंघोळीच्या पाण्यात घालायची महागडी तेलं ब्रिटनमध्ये 482 मुलांवर तपासली गेली. 2018 चा निकाल असा की ती घातल्याने फरक पडत नाही. ट्यूबने भागत नसेल तर टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम आहे, आणि तीव्र इसबासाठी डुपिलुमॅबचं इंजेक्शन आहे. ते महाग आहे, त्याने डोळे लाल होऊ शकतात, पण त्यामागे मोठ्या, नीट झालेल्या चाचण्या आहेत.

तुमच्या घरी काय बसेल

इसब सौम्य किंवा मध्यम असेल आणि ट्यूब अजून मापाने, पुरेसे दिवस लावून पाहिली नसेल, तर काढ्याचा विचार आत्ता करू नका. सहा आठवडे हे नीट करा. आमचं ऐंशी टक्के काम तिथेच झालं.

सगळं नीट करूनही मूल झोपत नसेल, किंवा ट्यूब फार लागते म्हणून जीव खालीवर होत असेल, तर काढा करून पाहायला माझी हरकत नाही, पण अटी घालून. सिनसे नोंदणीकृत हवेत. सिंगापुरात 2000 च्या कायद्याने त्यांची नोंदणी सक्तीची आहे, ब्रिटनमध्ये तशी सक्ती नाही. लंडनकरांनी हा फरक लक्षात घ्यावा. प्रत्येक वनस्पतीचं नाव लेखी मागा, शक्यतो लॅटिन नावासह. सुरू करण्याआधी आणि मग काही आठवड्यांनी यकृत आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करा. तीन महिन्यांत गुण नाही आला तर थांबा. गरोदरपणात, बाळ अंगावर पीत असताना आणि तान्ह्या बाळाला मुळीच नको.

पथ्याबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे आपण चटकन मान डोलावतो. सिनसेंनी आमच्या मुलाला कोळंबी, मासे, अंडं सगळं बंद सांगितलं. आजीनेही हेच सांगितलं असतं, म्हणून आम्हाला ते ओळखीचं वाटलं. दोन महिन्यांत त्याचं वजन घटलं आणि इसब होता तिथेच होता. अ‍ॅलर्जी तपासून सिद्ध झाल्याशिवाय वाढत्या मुलाचं खाणं तोडू नका.

डबी कुठल्याच घरात बसत नाही. चार-पाच दिवस लावून झाली असेल तर घाबरू नका. महिनोन् महिने लावली असेल तर मात्र एकदम बंद न करता डबीच घेऊन डॉक्टरांकडे जा. अचानक थांबवलं की इसब दुप्पट जोराने उसळू शकतो.

आमच्या पुड्या आम्ही दहा आठवडे दिल्या. मुलगा नाक दाबून प्यायचा आणि वर गुळाचा खडा खायचा. थोडा फरक वाटला. तो पुड्यांचा, नीट लावलेल्या ट्यूबचा की सरलेल्या दमट दिवसांचा, ते मला सांगता येणार नाही. रक्ताचे अहवाल चांगले होते. त्याने आपणहून ‘आता पुरे’ म्हटलं तेव्हा आम्ही थांबलो. ट्यूब अजून फ्रिजशेजारच्या खणात असते, महिन्यातून दोन-तीन दिवस बाहेर निघते.