अपघाताच्या भरपाईची ‘सरकारी फाइल’ विकत घेऊ नका

घरचा माणूस रस्त्यावरच्या अपघातात गेला की दोन-चार दिवसांत कोणीतरी ‘क्लेमवाला’ दारात येतोच. आमच्याकडे तर तो रुग्णालयात पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेरच उभा होता. माझ्या ताईकडून त्याने 21,500 रुपये काढले, तेही ज्या कागदांचा सरकार एक रुपया घेत नाही त्या कागदांसाठी. घोडबंदर रोड, ठाणे-बेलापूर रोड, सायन-पनवेल हायवे या पट्ट्यात ही वेळ कुणावरही येऊ शकते, म्हणून झालं ते सविस्तर लिहितोय.

भाऊजी काशिमिऱ्याहून रात्रपाळी संपवून स्कूटरने घरी येत होते. गायमुखच्या उतारावर मागून एका अवजड गाडीने त्यांना उडवलं आणि ती निघून गेली. नंबर कोणी पाहिला नाही. पोलिसांनी अज्ञात वाहनावर गुन्हा नोंदवला.

त्या माणसाने ताईला पाण्याची बाटली दिली, रुग्णवाहिकेवाल्याशी बोलून भाडं कमी करून घेतलं. गळ्यात निळ्या दोरीचं ओळखपत्र होतं, पण ते सतत उलटं. “ताई, मी कोर्टाचाच माणूस. तुम्ही फक्त सह्या करा, बाकी माझ्यावर सोडा.” अशा वेळी जो धावपळ करतो तो देवमाणूस वाटतो. हाच यांचा धंदा आहे आणि मला त्याची सगळ्यात जास्त चीड येते.

तेरावं झाल्यावर तो घरी आला. ‘गॅझेट फाइल’चे 6,500 आणि ‘रिपोर्ट पास करायचे’ 15,000 घेतले. मृत्यूचा मूळ दाखला नेला. कोऱ्या वकालतनाम्यावर आणि कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सह्या घेतल्या, रक्कम न लिहिलेले दोन चेक घेतले. मिळेल त्यातले 35 टक्के ‘ऑफिसचे’ असं तोंडी ठरवलं. वर धाक घातला, “सहा महिन्यांत दावा गेला नाही तर सगळं बुडालं.”

मी पुण्याहून आलो तेव्हा ती फाइल उघडली. स्पायरल बाइंडिंग, कव्हरवर रंगीत अशोकस्तंभ, खाली ‘फक्त अधिकृत प्रतिनिधींसाठी’. आत भारताच्या राजपत्राच्या झेरॉक्स. प्रत्येक पानाच्या माथ्यावर कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढलेली, तिच्या कडेची काळी रेघ स्पष्ट दिसत होती. एका पानावर पट्टी तिरकी बसली होती आणि राजपत्राच्या मथळ्यातला ‘असाधारण’ हा शब्द अर्धा बाहेर आला होता. राजपत्र इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतं, उतरवून घेता येतं. ही गोष्ट लपवण्यासाठीच ती पट्टी होती.

ती पानं होती हिट अँड रनच्या भरपाई योजनेची. 25 फेब्रुवारी 2022 ला केंद्र सरकारने ती जाहीर केली आणि 1 एप्रिल 2022 पासून ती लागू झाली. पळून गेलेली गाडी सापडली नाही तरी मृताच्या वारसाला 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार मिळतात. आधी हेच आकडे 25 हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज ज्या तालुक्यात अपघात झाला तिथल्या तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. एफआयआर आणि पोस्टमॉर्टेमचा अहवाल मागवून घेणं हे याच अधिकाऱ्याचं काम आहे. म्हणजे ‘रिपोर्ट पास करायचे’ पंधरा हजार कशाचे?

सहा महिन्यांची धमकीही अर्धीच खरी होती. ती मुदत मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये आहे, म्हणजे गाडी आणि मालक माहीत असताना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जो अर्ज करतात त्याची. तो अर्ज वेळेत करायलाच हवा, पण त्यासाठी असा माणूस लागत नाही. तपास अधिकाऱ्याने 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. शिवाय पीडितांचे हक्क आणि पुढची सगळी प्रक्रिया छापलेला नमुना क्रमांक 2 दहा दिवसांत घरच्यांच्या हातात द्यायचा असतो. ताईला तो कोणी दिला नाही. दिला असता तर त्या माणसाकडे विकायला काही उरलंच नसतं. तुमच्यावर वेळ आली तर पोलीस ठाण्यात हा कागद नाव घेऊन मागा. एफआयआरची प्रतही फिर्यादीला आणि पीडिताला मोफत द्यावी लागते.

आम्ही तहसील कार्यालयात गेलो. त्या माणसाने अर्ज दाखलच केलेला नव्हता. तिथल्या बाईंनी कोरा नमुना काढून दिला, “ताई, इथे बसूनच भरा, अडलं तर विचारा,” म्हणाल्या. त्याने मूळ दाखला परत करायला आणखी पैसे मागितले. दाखल्याची नवी प्रत महापालिकेतून मिळते, त्यामुळे आम्ही त्याच्या मागे लागलो नाही. चेकचे नंबर लिहून देऊन बँकेत पेमेंट थांबवलं.

वकिलाचा प्रश्न होता. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. लहान मुलांना, अपंगांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही मिळतो. 15100 हा हेल्पलाइन नंबर आहे. तिथे कळलं की भरपाईत टक्केवारी ठरवून काम घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलालाही मनाई आहे. मग हा मधला माणूस 35 टक्के कुठल्या अधिकाराने मागत होता?

दोन लाख ताईच्या खात्यात आले. त्याच आठवड्यात त्या माणसाने नेलेल्या दोन चेकपैकी एक वटवायला टाकला गेला. रक्कम भरली होती एक लाख दहा हजार, म्हणजे त्याने सांगितलेल्या 35 टक्क्यांहूनही जास्त. चेक परत गेला. चेक परत केल्याचा बँकेचा मेमो जोडून आम्ही फसवणुकीची, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, तक्रार दिली आहे. 21,500 अजून मिळालेले नाहीत.

सही केलेला स्टॅम्प पेपरही त्याच्याकडेच आहे, म्हणून त्याचा उल्लेख तक्रारीत मुद्दाम केला. तुमच्या घरच्यांनी असे कोरे चेक किंवा कागद दिले असतील तर भरपाई खात्यात जमा होण्याआधी बँकेत जाऊन चेक थांबवा, दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी करून पोलिसांत लेखी द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.