एकेक आजार वेगळा, की सगळे मिळून?

साखळीला मामांना पार्किन्सन झाला तेव्हा आधी कप बशीवर टकटक वाजायचा. काही वर्षांनी ते सोप्यावरचं नसलेलं मांजर हाकलू लागले. कंपाची फाइल एका डॉक्टरांकडे, भासांची दुसऱ्यांकडे. मामी वैतागायच्या, "माणूस एकच ना रे?"

मेंदू आणि चेतासंस्थेच्या आजारांवरच्या संशोधनातही हाच पेच आहे: एकेका आजारावर वेगळं काम करायचं, की सगळ्यांवर एकत्र? एकेका आजाराच्या मागे लागण्याचं फळ मोठं: हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकाराचं जनुक १९९३ साली सापडलं, त्यात व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांचा मोठा वाटा. प्रश्न नेमका, रुग्णही नेमके.

पण भिंती पाडल्यावर जे दिसतं ते मला जास्त चकित करतं. एएलएस या चेतासंस्थेच्या आजारात स्नायू जातात, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात माणसाचा स्वभावच बदलतो. २००६ साली दोन्हींच्या मेंदूत टीडीपी-४३ हे एकच प्रथिन साचलेलं आढळलं, २०११ साली सी९ओआरएफ७२ या एकाच जनुकातला बिघाडही. स्वतंत्र खोल्यांत बसून हे उमगलं असतं का?

एकत्र कामाची खोट न्यूरोफिलामेंटच्या रक्तचाचणीत दिसते. चेतातंतूंना इजा झाली की हे प्रथिन रक्तात वाढतं, एएलएस असो वा मल्टिपल स्क्लेरोसिस हा चेतासंस्थेचाच दुसरा आजार. धूर दिसतो, घर कुणाचं पेटलंय ते कळत नाही.

तरी माझं माप एकत्र कामाच्याच बाजूला झुकतं. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या गोव्यात एएलएसचे रुग्ण असणार ते किती? बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात वेगवेगळ्या आजारांचे नमुने एकाच पद्धतीने जपले, तर बाहेरच्या प्रयोगशाळांशी जोडून घेता येईल. औषध मात्र शेवटी एकेका आजारावरच तपासावं लागणार.