दाबून भरायच्या थैल्या, हवा काढायच्या पिशव्या आणि तेवीस किलो: उन्हाळाभराच्या परदेशवारीनंतरचा अनुभव

मुलीच्या बाळंतपणासाठी मागच्या उन्हाळ्यात यजमान आणि मी जर्मनीत म्युनिकला गेलो होतो. त्या प्रवासासाठी घेतलेल्या तीन वस्तू अजून आमच्या वापरात आहेत: दुहेरी चेनच्या सहा थैल्यांचा संच, ज्याला दुकानदार पॅकिंग क्यूब म्हणतात, पंपाने हवा काढून घेण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि बॅग उचलून वजन दाखवणारा हुकाचा डिजिटल काटा. जागा निम्म्याने वाचते, असे पहिल्या दोन्हींच्या वेष्टनावर छापलेले असते. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्यासारख्या गावातून निघणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते कितपत खरे ठरते, हे सांगण्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. तिन्हींपैकी सर्वांत स्वस्त असलेला काटा सर्वांत उपयोगी ठरला, हे आधीच सांगून टाकते.

थैलीची रचना सोपी आहे. एका चेनने ती उघडते आणि कपडे भरून झाल्यावर कडेने फिरणारी दुसरी चेन ओढली की फुगलेली थैली दबून चपटी होते. जाड कपड्यांवर याचा परिणाम लगेच दिसतो. मुलीने फोनवर बजावल्याप्रमाणे आम्ही दोघांचे स्वेटर, कानटोप्या आणि यजमानांचे जाकीट घेतले होते, कारण तिथे मे महिन्यातही संध्याकाळी चांगलाच गारठा असतो. ते सगळे एका मोठ्या थैलीत बसले आणि थैलीची उंची जवळजवळ निम्मी झाली. सुती साड्या, परकर, बंड्या आणि यजमानांचे पातळ सदरे ज्या थैलीत होते, तिची दुसरी चेन ओढल्यावर मात्र जेमतेम बोटभर फरक पडला. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वावरणाऱ्या माणसांचे कपडे मुळातच पातळ असतात. घडी नीट घातली की त्यांत दाबण्यासारखी हवाच उरत नाही. खळ दिलेली सुती साडी गुंडाळून भरण्याचा सल्लाही आमच्या कामाचा नाही. गुंडाळलेल्या साडीला पडलेल्या बारीक सुरकुत्या इस्त्रीशिवाय जात नाहीत, तर लांबट घडी घालून आडवी ठेवलेली साडी तशीच नेसता येते.

तरीही या थैल्या मी पुन्हा घेईन, त्या जागेसाठी नव्हे तर वाटणीसाठी. दोघांच्याही दोन-दोन थैल्या होत्या आणि प्रत्येकाची एक थैली दुसऱ्याच्या बॅगेत होती. एखादी बॅग उशिरा पोहोचली असती तरी कोणालाच अंगावरच्या कपड्यांवर राहावे लागले नसते. दुसरा उपयोग वजन जुळवताना होतो. एक बॅग चोवीस किलोची आणि दुसरी एकवीसची निघाली तर सगळे सामान जमिनीवर पसरावे लागत नाही, एक थैली इकडची तिकडे केली की काम भागते. बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठून, दिवसभर एका नातेवाइकाच्या लहानशा घरात थांबून मग विमानतळावर जायचे असेल, तर याचे महत्त्व चांगलेच कळते. रात्रीच्या प्रवासात लागणारे कपडे हातातल्या बॅगेत ठेवल्यामुळे मोठ्या बॅगा थेट म्युनिकला पोहोचल्यावरच उघडल्या.

हवा काढण्याच्या पिशव्यांबद्दल माझे मत इतके चांगले नाही. जिनिंगमध्ये सैल कापसाचा ढीग दाबून त्याची आटोपशीर गाठ बांधली तरी गाठीचे वजन कमी होत नाही. या पिशव्यांचेही तेच आहे. आमच्या तिकिटावर दोघांना प्रत्येकी २३ किलोची एक बॅग आणि हातात ८ किलो सामान नेण्याची मुभा होती. कडक कवचाची मोठी बॅग रिकामीच साडेचार किलोच्या आसपास भरते, थैल्यांचे आणखी अर्धा-पाऊण किलो धरले की खऱ्या सामानासाठी जेमतेम अठरा किलो उरतात. डाळी, तिखट, मसाला, डिंक आणि बाळंतिणीचे सामान भरले की हे अठरा किलो बॅग भरण्याआधीच संपतात. मग पिशव्यांनी मोकळी करून दिलेली जागा अशी समोर दिसत राहते की माणूस हात आवरत नाही आणि काटा पुढे सरकतो. शिवाय तपासणीसाठी पिशवी उघडावी लागली तर ती फुगते आणि पंप जवळ नसेल तर बॅग बंद करणे अवघड होऊन बसते.

एका कामासाठी मात्र या पिशव्यांना पर्याय नव्हता. बाळासाठी माझ्या सासूबाईंच्या मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांची गोधडी आणि दुपटी न्यायची होती, आणि त्यासोबत मुलीने आवर्जून मागितलेल्या कुरोड्याही न्यायच्या होत्या. कुरोडी वजनाला काहीच नसते, पण जागा भरपूर अडवते आणि जरा दाब आला की तिचा चुरा होतो. गोधडी दाबून चपटी केली आणि तिथे जी जागा झाली, तीत कुरोड्यांचा स्टीलचा मोठा डबा बसवला. डब्यात तळाशी आणि वर मऊ कापड घातले होते, त्यामुळे त्या अखंड पोहोचल्या. ज्या वस्तूला दाबता येत नाही आणि जी हलकी आहे, तिच्यासाठी जागा करायची असेल तरच या पिशव्या घ्याव्यात. डाळ-तिखटाच्या आशेने घेतल्या तर जास्तीच्या वजनाचे पैसे भरावे लागतात.

खाण्याच्या सामानाची निवड थैल्यांवर नव्हे, नियमांवर ठरते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांना भारतातील विमानतळांवर चेक-इन सामानात, म्हणजे विमान कंपनीकडे सोपवायच्या मोठ्या बॅगेत, २०२२ पासून मनाई आहे; त्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, असे त्यामागचे कारण आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे घरचे तूप आणि पेढे घरीच राहतात. ताजी फळे आणि भाजीपाला यांना रोग-कीड नसल्याचे सरकारी प्रमाणपत्र (फायटोसॅनिटरी) लागते. केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळे त्यातून सुटतात. म्हणजे आंब्याची करंडी आणि कढीपत्त्याची जुडी दोन्ही बाद. खोबऱ्याचा कीस तिथल्या साध्या दुकानातही मिळतो, तेव्हा डिंकाचे लाडू मी तिकडे जाऊनच केले. लाल तिखट दुहेरी पिशवीत बांधून, वर डब्यात घालून नेले. तरीही शेजारच्या थैलीच्या जाळीला तिखटाचा तांबूस रंग लागला. धुतल्यावर वास गेला, पण रंग अजून आहे.

औषधे, चष्मे आणि कागदपत्रे हातातल्या बॅगेतच ठेवावीत. गोळ्या मूळ पट्टीतच असाव्यात आणि औषधाच्या मूळ रासायनिक नावाची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्यावी. पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच लागते, मोठ्या बॅगेत चालत नाही. वीज तिथेही २३० व्होल्टची असते, आपल्या मोबाइल चार्जरची दोन बारीक काड्यांची पिन थेट बसते. तीन जाड काड्यांची पिन असलेले काही नेणार असाल तर अॅडॉप्टर लागेल.

आता काट्याबद्दल. हुकाला बॅग अडकवून उचलायची, आकडा स्थिर झाला की तो दिसत राहतो. विश्वास ठेवण्याआधी आमच्या किराणा दुकानदाराकडचे सरकारी शिक्क्याचे पाच किलोचे माप थैलीत घालून तपासले, तेव्हा तो बरोबर निघाला. परत आल्यावर तसेच तपासले, तेव्हा शंभर ग्रॅमच्या आसपास जास्त दाखवत होता. एवढा फरक चालण्यासारखा आहे, पण काटा कधी कमीही दाखवू शकतो, म्हणून बॅग २३ वर नेऊन न थांबवता साडेबावीसवर थांबवावी. बॅग एका हाताने उचलली तर आकडा हलत राहतो. दोघांनी काटा धरला तर तो लवकर स्थिरावतो. परतीच्या वेळी काट्याने पुन्हा एकदा काम केले, कारण आणलेली चॉकलेटे दिसतात त्यापेक्षा जड असतात.

टिकाऊपणाचे सांगायचे तर थैल्यांची शिवण अजून पक्की आहे. जाळी एका ठिकाणी स्टीलच्या डब्याच्या कडेने फाटली. खरा त्रास धुळीचा आहे. आमच्या पांदण रस्त्याची काळ्या मातीची उन्हाळी धूळ चेनच्या दातांत बसते आणि दाबाची चेन अडकू लागते. जुन्या दातांच्या ब्रशने धूळ झाडून मेणबत्ती घासली की ती पुन्हा सुरळीत चालते. हवा काढण्याच्या पिशव्या टिनाच्या छताखालच्या खोलीत ठेवल्या होत्या. तिथल्या उष्णतेने घडीवरचे प्लास्टिक ताठ झाले आणि दोन पिशव्या आता रात्रभरात आपोआप फुगतात. उरलेल्या पिशव्यांत गरम कपडे ठेवले आहेत, आणि आलमारीत त्यांना कसर लागलेली नाही.

घ्यायचेच असेल तर सहाचा संच घेऊ नये. मोठ्या दोन आणि मधल्या आकाराच्या दोन थैल्या एका माणसाला पुरतात. संचातली चपलांची थैली आणि अगदी लहान थैली आमच्याकडे अजून कोऱ्या पडून आहेत. कपडे आठ-दहा दिवसांपुरते न्यावेत. तिथे घरोघरी कपडे धुण्याचे यंत्र असते आणि जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असल्यामुळे गच्चीत वाळत घातलेली साडी संध्याकाळपर्यंत सुकते. दर्यापूरच्या बाजारात दुहेरी चेनच्या थैल्या मला मिळाल्या नाहीत, अमरावतीला मिळाल्या. घेताना दाबाची चेन दुकानातच चार-पाच वेळा मागे-पुढे ओढून पाहावी.